शिफ्ट दाबून ळ

कचऱ्याची गाडी गाणं वाजवत कोपऱ्यावर वळली की राजेंद्र नगरातल्या त्या गल्लीची सकाळ खरी सुरू होते. शालिनीताईंचे ओल्या-सुक्याचे दोन्ही डबे रिकामे होऊन फाटकाच्या आत आले होते, कुकरमध्ये तुरीची डाळ चढली होती, आणि त्या ओट्याशी स्टूल घेऊन बटले सोलत बसल्या होत्या. मटारला बटला म्हणायला शिकण्यात त्यांचे दोन हिवाळे गेले होते. आता मिरजेला भावाकडे गेल्या तरी तोंडात बटलाच येतो आणि भाचरं हसतात.

दारावर टकटक झाली. बेल दिवाळीपासून मुकी होती, आणि आज माणूस बोलवू, उद्या बोलवू, असं करत संक्रांत जवळ आली होती.

दारात अनीश पिंगळे उभा होता. मराठी कुटुंबांच्या स्नेहदीप मंडळाचा नवा सचिव. मूळचा कोल्हापूरचा, नोकरीसाठी इंदूरला येऊन चारेक वर्षं झालेली. एका हातात हेल्मेट, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. ऑफिसला जाता जाता आला होता, त्यामुळे नमस्कार वगैरे घाईतच झाला.

"काकू," तो म्हणाला, "शाळिनी चालत नाहीये."

शालिनीताईंच्या मुठीतले दोन बटले निसटून चपलांमध्ये गेले. त्या घरात तो शब्द तीन वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. आणि हा तर गॅस लागत नाहीये म्हणावं तशा सुरात म्हणत होता.

त्यांनी त्याला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मंडळाच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर गेल्या आठवड्यात कायमचा गेला. सभासद कुटुंबांची माहिती ॲक्सेसमध्ये होती, डेटाबेसच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये. ती फाइल त्याने नव्या लॅपटॉपवर आणली होती, आणि नावं, पत्ते, फोन सगळं शाबूत होतं. पण मेनूत वर 'शाळिनी' नावाचं जे काही असायचं, ते नव्हतं. ते चालवल्याशिवाय परिचय पुस्तिका छापायची नाही असं आधीच्या सचिवांनी बजावून ठेवलेलं, आणि पुस्तिका तर आज संध्याकाळी छापखान्यात जायला हवी. नाही गेली तर हळदीकुंकवाला वाटणार काय? त्या सचिवांनीच फोनवर सांगितलं की तलवलकरांच्या घरी विचार.

"आणि नाही चालली तर?" शालिनीताईंनी विचारलं.

नाही चालली तर नावं जशी टाइप झाली आहेत तशीच छापायची, असं खजिनदार मनीषचं मत होतं. काळे यांचे काले, पिंगळे यांचे पिंगले. मनीष इंदूरचाच, त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. अनीशने त्याच्या आवाजाची नक्कल करून दाखवली, "पिंगलेजी, ल से भी चल जाएगा भिया. पुढच्या साली सगळं ऑनलाइनच टाकून देऊ." अनीश हसला, पण त्याला ते लागलं होतं हे दिसत होतं. त्याचं आणि बायकोचं, स्वानंदीचं, नाव यंदा पहिल्यांदाच पुस्तिकेत यायचं होतं. त्यांच्या फ्लॅटच्या पाटीवर पिंगले, गॅसच्या कार्डावर पिंगले. निदान आपल्या माणसांत तरी पिंगळे असावं, एवढी त्याची अपेक्षा.

शालिनीताईंच्या मनात हिशेब वेगळाच चालला होता. यंदा शाळिनी बसली नाही, तर पुढे ती कुणी बसवणार नाही. त्या घरातून तो शब्द तीन वर्षांपूर्वी, त्यांच्या यजमानांबरोबर, पंढरीनाथांबरोबरच गेला होता. आता तो दोनच ठिकाणी उरला होता: मंडळाच्या कॉम्प्युटरच्या मेनूत, आणि वर्षातून एकदा त्या पुस्तिकेत.

"त्याला शाळिनी का म्हणतात, ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणाची तरी टायपिंगची चूक असणार," अनीश म्हणाला.

"तसंच काहीसं," असं म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या.

शालिनीताई मिरजेहून लग्न होऊन आल्या, तेव्हा गणितातली पदवी आणि सासरच्यांना न झेपणारे ळ, एवढं त्यांच्याबरोबर आलं होतं. तळवलकरांच्या चार पिढ्या इंदुरात गेलेल्या. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते म्हणून बैठकीत त्यांचा पागोट्यातला फोटो. घरात बोलणं मराठीच, पण त्या मराठीतला ळ माळव्याच्या पाण्यात कधीच विरघळून गेला होता. आठवड्याच्या आतच सासूबाईंनी विचारलं, "शालिनी, केली कुठे ठेवलीस?" नवी सून गोंधळून म्हणाली, "काय केली?" "अग केली, खायची. डझनभर आणली होती ना कालच." शालिनीने केळी आणून दिली आणि मागच्या अंगणात जाऊन पदर तोंडात धरून हसली.

पंढरीनाथ स्वतःचं आडनावसुद्धा तलवलकर म्हणायचे. शालिनीने पहिल्या महिन्यातच सुधारायचा प्रयत्न केला. जीभ अशी वर वळवा, टाळूला लावा, आता सोडा. त्यांनी वळवली, लावली, सोडली, आणि तडवलकर बाहेर आलं. मग म्हणाले, "नाही होऊन राहिलं ग आपल्याकडून. तूच दोघांचे ळ म्हणत जा."

ते सांवेर रोडवर पंपांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा ते उत्साहाने घाबरले, आणि बायकोचं गणित आठवून तिला क्लासला घातलं. त्यांच्यासाठी म्हणून शिकायला गेलेल्या शालिनीताई शिकून बसल्या, आणि पंढरीनाथ शेवटपर्यंत एका बोटाने टाइप करत राहिले. ॲक्सेसमध्ये रमल्यावर शालिनीताईंच्या लक्षात आलं की एखादी सोय प्रत्येकाच्या फाइलमध्ये नव्याने करत बसण्यापेक्षा ती एकदाच वेगळ्या फाइलमध्ये बांधावी आणि हव्या त्या कॉम्प्युटरवर नेऊन बसवावी. त्याला ॲड-इन म्हणतात हे नंतर कळलं. पहिलं ॲड-इन पंढरीनाथांच्या कारखान्यासाठीच, अर्धवट आठवणाऱ्या नंबरावरून भाग शोधून देणारं. तिथून शेजारच्या कारखान्यात, तिथून कुणाच्या साडूच्या गोदामात.

आणि मग रविवार. सकाळी आवरून दोघं स्कूटरवर निघायची, शालिनीताईंच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली सीडी. लोक रविवारी नातेवाइकांकडे जातात, तशी ही दोघं इन्स्टॉल करायला जायची. त्या आत कॉम्प्युटरशी बसायच्या आणि पंढरीनाथ बाहेर बाकावर मालकाशी गप्पा ठोकत कचोरी खायचे. परतताना कुठे काय बिघडलं होतं ते त्या मागून सांगायच्या आणि अर्धं वाऱ्यावर जायचं.

हातोदच्या बियाणंवाल्या शेठजींची गोष्ट पंढरीनाथ दर वेळी नव्याने रंगवून सांगत. शेठजींना गावनिहाय उधारी काढणारं बटण हवं होतं, पण ते आपल्या फाइलमध्ये नसून बाहेर कुठेतरी बसणार हे त्यांना पटेना. शालिनीताईंनी समजावलं की ॲड-इन म्हणजे सून. येते ती आपली पेटी घेऊन येते. पेटी तिची, घर तुमचं. काम तुमच्या घरात करते, पण पेटीत काय आहे ते तिचं तिलाच ठाऊक. आणि नुसती दारात येऊन भागत नाही, रेशनकार्डावर नाव चढावं लागतं. प्रत्येक ॲड-इनच्या पोटात त्यासाठी एक खास टेबल, म्हणजे नोंदीचा तक्ता, ठेवावं लागायचं. ते विसरलं तर कॉम्प्युटर तिला घरचं मानायचाच नाही. शेठजींनी मान डोलावली आणि शंका काढली, "और बहू मायके चली गई तो?" यावर बाकावरून पंढरीनाथ म्हणाले, "तो फिर से लाना पड़ेगी सेठजी, बाजे-गाजे के साथ."

मंडळाचं काम त्यानंतरचं. परिचय पुस्तिका तेव्हा पहिल्यांदा कॉम्प्युटरवर निघत होती आणि नावं घालायला एक हिंदी शाळेत शिकलेली मुलगी बसवली होती. हात झरझर चालायचा तिचा. पण कीबोर्डवर ल आणि ळ एकाच बटणावर राहतात: नुसतं दाबलं तर ल, शिफ्टसकट दाबलं तर ळ. त्या मुलीला शिफ्टची कधी गरजच पडली नव्हती. आत, कॉम्प्युटरच्या पोटातही दोघांचे नंबर पाठोपाठचे, भिंतीला भिंत लागून. शालिनीताईंना वाटलं, एवढ्याशा अंतराचं काम आहे, आपण करून टाकू.

त्यांनी ॲड-इन लिहिलं. ज्या आडनावांत ळ हवा अशांची यादी दिली, 'अनंत काले' या नावावर चालवून पाहिलं, त्याचं झकास 'अनंत काळे' झालं. सगळ्या नावांवर चालवलं, पुस्तिका छापायला गेली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरोघर वाटायला आली.

चूक अशी होती की ज्या घराच्या आडनावात ळ हवा, त्या घरातल्या सगळ्या नावांमधला प्रत्येक ल ते बदलत सुटलं होतं. अनंतरावांच्या नावात दुसरा ल नव्हताच, म्हणून कळलं नाही. मागच्या रांगेतून हसू सुरू झालं आणि पुढे सरकत आलं. विठ्ठलरावांचे विठ्ठळराव झाले होते. सत्तरीच्या लीलाताई काळ्यांनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं, "ळीळा काळे. तिळगूळ तोंडातून काढून ठेवला तरी म्हणता येत नाही ग." तळवलकरांच्या ओळीत पंढरीनाथ तळवळकर होते, आणि त्यांच्या खाली त्यांची पत्नी, शाळिनी.

पंढरीनाथांनी ते मोठ्याने वाचलं. "शाळिनी." आणि थबकले. ळ आला होता. स्वच्छ, गोल, मिरजेच्या बाजारात ऐकू यावा तसा. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा आला.

परतताना शालिनीताई स्कूटरवर मागे रडत होत्या. एवढ्या लोकांत नाचक्की झाली, उद्यापासून कॉम्प्युटरला हात लावणार नाही, असं म्हणत होत्या. पुढचा माणूस हसून हसून स्कूटर डुलवत होता. शेवटी त्याने ती कडेला घेतली.

"रडतेस काय," पंढरीनाथ म्हणाले. "सगळ्या इंदूरनं मिळून तुझे ळ खाल्ले, तू एका दिवसात वसूल केलेस. आणि ऐक तर खरी, मला येऊन राहिलं ग. शाळिनी."

तेव्हापासून त्या घरात शालिनी हे नाव कागदापुरतं उरलं. आडनावात पंढरीनाथांची जीभ शेवटपर्यंत अडली, केळी शेवटपर्यंत केलीच राहिली. जिथे ळ नको होता त्या एका जागी मात्र तो बिनचूक यायचा. चहा हवा असला तरी शाळिनी, किल्ल्या सापडत नसल्या तरी शाळिनी.

दुसऱ्या खेपेला शालिनीताईंनी ॲड-इन शहाणं केलं. ते आता आपल्या मनाने काही बदलत नसे. जुनं नाव, नवं नाव शेजारी शेजारी दाखवून विचारी, माणसाने खूण केली तरच पुढे जाई, आणि बदल फक्त छापायच्या प्रतीत करी, मूळ यादी तशीच राही. त्याला 'नामशुद्धी' म्हणावं असं त्यांच्या मनात होतं. पंढरीनाथ ऐकेनात. मेनूवर शाळिनी नाव घातलं तरच सीडी मंडळात नेऊन देईन, म्हणाले. नावं संपली की कळावं म्हणून घंटा वाजायची होती. तीही त्यांनी बदलली आणि घरच्या कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून घातली. तेवढी एक शिट्टी ऐकली की ही जिथे असेल तिथून उठून येते, असं त्यांचं कारण.

पुढच्या पुस्तिकेत सगळ्यांची नावं सुधारली. एकच चूक मंडळाने ठरवून मूळ यादीतच ठेवली, पंढरीनाथांच्या आग्रहावरून. दर संक्रांतीला कुणीतरी पान उघडून म्हणायचं, यंदाही राहिली हं चूक. पंढरीनाथ म्हणायचे, राहणारच. ते गेल्यावर म्हणणारं कुणी उरलं नाही, पण ओळ छापून येत राहिली. शालिनीताई पुस्तिका हातात पडली की आधी ते पान उघडत आणि मिटून पर्समध्ये ठेवत.

चहा झाला. ॲड-इनची फाइल आणि शिट्टी शालिनीताईंच्या पेन-ड्राइव्हवर होती. अनीशला वाटलं होतं नुसती उघडली की झालं. त्यांनी त्याला मेनूतली ॲड-इन बसवायची खिडकी दाखवली, फाइल निवडली. लॅपटॉपने नाकारलं. अनीशने ॲक्सेस बंद करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा उघडलं. नव्या मशीनना घरच्या मोठ्यांची परवानगी लागते, म्हणाला. या वेळी नाव चढलं. मेनूवर शब्द आला, शाळिनी. दाबला, तर इंग्रजीत लांबलचक तक्रार. चौसष्ट बिटच्या मशीनवर हे चालायचं नाही, ओळ सुधारा.

शालिनीताईंनी कोड उघडला. अडलेली ओळ त्यांनी लगेच ओळखली. विंडोजकडून आवाज वाजवून घेणारी, शिट्टीची ओळ.

"ही काढून टाकली तरी चालेल ना?" अनीशने विचारलं. "बाकी काम तर होईल."

काम झालं असतं. पण शालिनीताई म्हणाल्या, बघा ना काही उपाय मिळतो का. अनीशने घड्याळाकडे पाहिलं, ऑफिसात उशीर होतोय असा निरोप टाकला, आणि फोनवर शोधायला लागला. त्या ओळीत नेमका एक शब्द वाढवायचा होता. तो शब्द त्यांना माहीत नव्हता, आणि तो कुठे घालायचा हे त्याला. त्याने वाचला, त्यांनी घातला.

शाळिनी उघडली. नावं दोन-दोन करून येऊ लागली आणि शालिनीताई खुणा करत गेल्या. काले, काळे. ढवले, ढवळे. गोखल्यांच्या वाटेला ती गेलीच नाही, तेवढी शहाणी होती. त वर आल्यावर तलवलकर दिसलं, शेजारी तळवलकर. त्यांनी खूण केली आणि त्यांची नजर आडनावाशेजारच्या स्वतःच्या नावावर गेली. शालिनी.

"ते मीच नीट केलं, काकू," अनीश मागून म्हणाला. त्याचा आवाज खुशीचा होता. "जुनी पुस्तिका चाळत होतो, तर तुमच्याच नावात ळ. इतकी वर्षं चुकीचं छापत होते, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे."

शालिनीताईंनी पुढचं नाव घेतलं. त्यांच्या ॲड-इनला शालिनीत काही गैर दिसणार नव्हतं. तसं त्यांनीच तर शिकवलं होतं. आणि हाताने बदलायचं तर आपल्या नोंदीत आपण स्वतः काही टाइप करायचं नाही असा मंडळाचा नियम. एका गृहस्थांचं वय पुस्तिकेत दर साली कमी होत चाललं होतं, तेव्हा केलेला. त्या वेळी त्यांनीही हात वर केला होता. सांगायचं तर अनीशलाच सांगावं लागणार होतं, आणि इतक्या वर्षांत मंडळाकडे त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं.

प आला. पिंगले, पिंगळे. खूण त्यांनी अनीशला करू दिली. त्याने स्क्रीनचा फोटो काढून स्वानंदीला पाठवला.

शेवटच्या नावावर खूण झाली आणि शिट्टी वाजली.

"काकू, कुकर," अनीश म्हणाला.

"माझा केव्हाच बंद केला. हा तुमचा."

त्याने एकदा लॅपटॉपकडे, एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मनापासून हसला. पुस्तिका तयार झाली. त्याने ती छापखान्याला पाठवण्यासाठी फाइल काढायला घेतली आणि मनीषला फोन लावून कळवलं की ल से नहीं चलेगा, ळ आला आहे, आणि पुढच्या साली ऑनलाइन केलं तरी आधी शाळिनीतून जायचं. पलीकडून मनीष काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण अनीश म्हणाला, "हो भिया, म्हणून बघ. जीभ वर वळव."

त्या वाक्याने शालिनीताईंनी मान वर केली.

फोन ठेवून त्याने हेल्मेट उचललं. मग तसाच थांबला. अर्धी सकाळ घेतली तुमची, म्हणाला. मंडळाकडून तुमच्यासाठी काही करायचं असेल तर सांगा, आभाराच्या पानावर नाव घालू, कार्यक्रमात सत्कार ठेवू.

शालिनीताईंनी पदराला हात पुसले. आभार नकोत, सत्कार तर नकोच, म्हणाल्या. मग लॅपटॉप त्याच्याकडे वळवला, स्वतः कीबोर्डला हात न लावता.

"फाइल पाठवायच्या आधी माझं नाव होतं तसं करा," त्या म्हणाल्या. "शिफ्ट दाबून ळ. शाळिनी."